हुक्केरींचा तीळ

ट्रकचालकाच्या डोक्यात विलास हुक्केरी दिसले, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

तंत्रज्ञ पद्मजा मगदूमने पडद्यावरची प्रतिमा मोठी केली. मेंदूच्या तळाशी, धमनीला फाटा फुटतो तिथे, डावीकडे कललेला ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा. कोल्हापुरातल्या त्या रुग्णालयाच्या एमआरआय विभागात सगळे तंत्रज्ञ त्याला ‘हुक्केरींचा तीळ’ म्हणत. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात तो असायचं काही कारण नव्हतं. त्याच आठवड्यात तो एका शिक्षिकेच्या डोक्यात दिसला, मग एका पैलवानाच्या.

हुक्केरी तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ. सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी यंत्राची चाचणी घ्यावी लागते. त्यासाठी जेल भरलेला गोळा मिळतो, पण गोळ्याला उशी टोचत नाही की त्याची मान अवघडत नाही, असं म्हणत हुक्केरी रोज स्वतःच आत जाऊन पडायचे. त्या खडखडाटात त्यांना चक्क झोप लागायची, आणि घरी वहिनी झोपू देत नाहीत वाटतं, म्हणून बाकीचे त्यांची थट्टा करायचे. चाचणीच्या प्रतिमा कुठलाही डॉक्टर बघत नाही. तंत्रज्ञाने प्रतिमा काढायची आणि वाचायची डॉक्टरांनी, ही तिथली शिस्त. तीळ सगळ्यांनी पाहिला होता. त्यात काही असतं तर कुणीतरी बोललंच असतं, असं प्रत्येकाने धरून चाललं होतं. मग हुक्केरी एका बारशात जेवता जेवता कोसळले, आणि लोक म्हणाले, हृदयविकार. मागे बायको आणि मृणाल ही मुलगी राहिली.

त्यानंतर विभागात प्रतिमापूरक हा नवा संगणक-प्रोग्रॅम आला. चाळीस मिनिटांचं काम तो चार मिनिटांत करायचा. तंत्रज्ञ खूश, रुग्ण त्याहून खूश.

ट्रकचालकाच्या अहवालात डॉक्टरांनी लिहिलं: धमनीचा धोकादायक फुगवटा, केव्हाही फुटेल. तिघांनाही जुन्या, सावकाश पद्धतीने पुन्हा तपासलं, तर तिघांची डोकी साफ निघाली. विभागाने सुटकेचा निःश्वास सोडला. पद्मजाला मात्र हुक्केरी कशाने गेले ते त्या अहवालाने सांगितलं होतं. ती घरी जाऊन जेवली नाही.

पूरक तयार करणारे नाडगौडा पुण्याहून आले. त्यांनी शांतपणे समजावलं, की पूरक मोजमापांचा फक्त दहावा हिस्सा घेतो आणि उरलेलं चित्र आजवर पाहिलेल्या डोक्यांच्या आठवणीने भरतो.

“म्हणजे अंदाजाने?” पद्मजाने विचारलं.

“अंदाजाने, पण फार चांगल्या. माणसामाणसाच्या डोक्यात फरक तो किती असतो? अडचण इतकीच झाली, की त्याला शिकवायला तुमच्याच विभागातल्या जुन्या प्रतिमा वापरल्या. त्यात एकच डोकं शेकडो वेळा आलं आणि कर्मचारी म्हणून त्यावर ‘निरोगी’ असा शिक्का होता. रुग्ण हलला, मोजमापं कमी पडली, की पूरकाला तेच डोकं आठवतं.”

हुक्केरी गेले, पण यंत्राला ते विसरता येत नव्हतं. पूरकाला नव्याने शिकवायला काही महिने लागणार होते. तोवर नाडगौडांनी एक सोपा उपाय केला. नेमकी त्या जागची, त्या आकाराची खूण दिसली की पुसून टाकायची, एवढंच त्यांनी पूरकाला शिकवलं. भूत उतरवलं एकदाचं, असं हसून म्हणत ते कँटीनकडे वळले.

त्यानंतर तीळ कुणालाच दिसला नाही.

श्रावणात मृणाल आली. तिचं डोकं महिनाभर ठणकत होतं. वडील असे अचानक गेल्यापासून पोरगी धास्तावलेलीच होती. चार मिनिटांत प्रतिमा निघाली. डॉक्टरांनी ती पाहिली, निर्दोष असं लिहिलं आणि वॉर्डात निघून गेले.

“काकू, पप्पांसारखं काही नाही न्हवं?” मृणालने विचारलं. ती पहिल्यांदाच हसत होती.

पद्मजाने प्रतिमेकडे पुन्हा पाहिलं. धमनीचा फाटा गुळगुळीत होता, पाठ्यपुस्तकात छापावा इतका. तिने मृणालला बाकावर बसवलं आणि बाहेर जाऊन नाडगौडांना फोन लावला. खरी खूण आणि भुताची खूण पूरकाला वेगळी ओळखता येते का, असं तिने विचारलं.

“खूण तीच असेल तर नाही. पुसून टाकेल,” ते म्हणाले. “पण ताई, ती एकाच माणसाची खूण होती. तशीच्या तशी दुसऱ्या कुणाला कशी असेल?”

“त्या माणसाला मुलगी आहे,” पद्मजा म्हणाली.

पूरक बंद करा, एवढंच त्यांनी सांगितलं.

बाहेर रुग्णांची रांग कुरकुरत होती. पद्मजाने मृणालला पुन्हा आत झोपवलं, हलू नकोस म्हणून बजावलं आणि जुनी पद्धत सुरू केली. पडद्यावर मेंदूचे काप एकामागून एक उमटत गेले. तळाचा काप आला. फाट्यापाशी, डावीकडे कललेला, ज्वारीच्या दाण्याएवढा. क्षणभर तिला वाटलं, आत हुक्केरीच झोपलेत. तिला भीती वाटली आणि रडूही आलं.

तिने डॉक्टरांना निरोप धाडला आणि मृणालला बाहेर काढून खुर्चीवर बसवलं. रुग्णाला आपण काही सांगायचं नाही, ही शिस्त तिने सगळी नोकरी पाळली होती.

“तुझ्या डोक्यात एक फुगवटा आहे,” ती म्हणाली. “अजून फुटलेला नाही. वेळेत ऑपरेशन केलं की बरं होतं. तुझ्या पप्पांनाही हाच होता. आम्ही रोज बघायचो.”

मृणालने विचारलं, “मग त्यांना कुणी सांगितलं का नाही?”

ते आमचं काम नव्हतं, हे उत्तर पद्मजाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि डॉक्टर येईपर्यंत मुलीचा हात सोडला नाही.