तुमचे मिस्टर इथेच राहिलेत

कुणाचा विश्वास बसो न बसो, हे घडलेलं आहे. ज्यांच्यावर ओढवलं त्या नेलिदामावशी माझ्या आईच्या चुलत बहीण. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल होतात. मला हे सांगताना त्यांचे कान पांढरेफटक होते.

मार्च २००९. जागा उरुग्वेचा पूर्व किनारा, रोचाकडचा. सुट्ट्यांची गर्दी ओसरली होती. अर्धीअधिक घरं बंद, आणि समुद्राचा आवाज पार गल्ल्यांपर्यंत येणारा.

आणि वेळ रात्रीची नाही. भर दुपारची, ऊन असतानाची.

मावशींचा नवरा वाल्देमार. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेला. मारझोड कधी केली नाही, पण जिभेला हाड नव्हतं. एकतीस वर्षांत बायकोचं एक काम त्याला धड वाटलं नाही. वीस वर्षं सिगारेट ओढून कमावलेला खोकला होता. तो घरात कुठे आहे ते त्या खोकल्यावरून कळायचं.

मावशींना एकच हौस. दरवर्षी किनाऱ्यावर आठवडाभर घर घ्यायचं आणि आसपासच्या गावांतली लहान-मोठी संग्रहालयं, चित्रांची दालनं बघत हिंडायचं. तो बरोबर यायचा, पण कुरकुरत.

त्या दिवशी सकाळी त्यांनी शंख-शिंपल्यांचं संग्रहालय पाहिलं. मग एका चित्रकाराच्या घरात मांडलेलं दालन. तिथे एका चित्रासमोर मावशी बराच वेळ उभ्या राहिल्या. वाल्देमार मागून म्हणाला, "ही गाय आहे की कपाट? आणि तू असं बघतेयस जणू तुला कळतंय."

तिथली मुलगी हसली. मावशींनी मान खाली घातली.

तिसरं ठिकाण बारा किलोमीटरवर होतं. सांता ओब्दूलिया नावाचं कोळ्यांचं गाव. तिथे एका जुन्या मीठगोदामात समुद्राचं संग्रहालय होतं. एर्मेलिंदा नावाची साठीची बाई ते एकटी सांभाळायची. दारातल्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहायचा आणि आत जायचं.

आत देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगलेला. भिंतीला होड्यांची सुकाणू, दोर, कंदील. शेवटी एक जाड निळा पडदा, आणि त्याच्यामागे एक खोली. फुटलेल्या जहाजांतून वाहून आलेलं सामान तिथे ठेवलं होतं.

मावशी सांगाड्याखालच्या बाकावर बसून चित्र काढू लागल्या. वाल्देमार म्हणाला, "काढ काढ. मी तेवढ्यात ती भंगाराची खोली बघून घेतो."

पडदा हलला. तो आत गेला.

लाकडी जमिनीवर त्याचे बूट वाजत होते. मधूनच खोकला.

मग बूट थांबले...

खोकलाही थांबला.

मावशींच्या ते आधी ध्यानातच आलं नाही. मग त्यांचा हात आपोआप थांबला. इतकी शांतता त्यांनी लग्न झाल्यापासून अनुभवली नव्हती. बाहेरचा समुद्रसुद्धा ऐकू येत नव्हता.

त्यांनी हाक मारली. उत्तर नाही.

त्या उठणार, एवढ्यात पडदा सरला आणि वाल्देमार बाहेर आला. बुटांचा आवाज न करता...

तो जवळ येऊन बसला. चित्र हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"छान आलंय," तो म्हणाला. "दमलीस का?"

एकतीस वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

त्याने हात धरून त्यांना उठवलं. हात गार होता, विहिरीतून काढलेल्या भांड्यासारखा. दारात एर्मेलिंदा पाठमोरी होती, कसलीतरी पेटी लावत होती. दोघं तशीच गाडीत जाऊन बसली.

वाटेत तो गोड बोलत होता. मुलगी रोसिना लहानपणी कशी रुसायची, ते सांगत होता. सगळं बरोबर. तारखा बरोबर, नावं बरोबर. ओळख झाली त्या दिवशी मावशींनी पिवळी छत्री आणली होती, हेही त्याने सांगितलं. मावशी स्वतः ते विसरल्या होत्या.

पण पूर्ण बारा किलोमीटर तो एकदाही खोकला नाही...

साडेसहा वाजले. अजून उजेड होता. वाल्देमार व्हरांड्यात बसून माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, तयार करत होता, पहिला घोट बायकोला द्यायचा म्हणून. मावशी आत पाव कापत होत्या.

फोन वाजला.

"बाई, मी एर्मेलिंदा. संग्रहालयातून बोलतेय. वहीतल्या नंबरवर केला फोन. अहो, तुमचे मिस्टर इथेच राहिलेत की."

मावशींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

एर्मेलिंदा सांगत होती. ती कुलूप लावत होती, तेव्हा मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला. पडदा सारला तर गृहस्थ भिंतीला टेकून उभे. वाट सापडत नाही म्हणत होते. एवढ्याशा खोलीत. "घ्या, त्यांच्याशीच बोला."

खिडकीतून व्हरांडा दिसत होता. वाल्देमार पाठमोरा बसला होता. किटलीतून हळूहळू पाणी ओतत होता.

आणि फोनमध्ये खोकला...

"नेलिदा. कुठे उलथलीस? तासन् तास हाका मारतोय. कान फुटले का तुझे?"

मावशींनी सुरी पावाशेजारी ठेवली. बोलण्याची ती ढब त्यांनी कुठेही ओळखली असती.

श्वास घरघरत होता. पुढचं वाक्य हळू आलं, एकतीस वर्षांत कधी न ऐकलेल्या आवाजात.

"मला घेऊन जा गं. इथे फार अंधार होता."

मला हे सांगताना मावशी इथे थांबल्या. बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाल्या, "त्या क्षणी मला कळलं होतं. घाबरले, गोंधळले, असं मी कुणाला सांगणार नाही. खरा कोण ते मला कळलं होतं."

त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला.

"तुम्ही चुकीच्या नंबरवर फोन केलाय," त्या म्हणाल्या. आणि फोन बंद केला.

व्हरांड्यातून विचारणा झाली, कुणाचा होता?

"चुकून लागला होता कुणाचा तरी," मावशी बाहेर येऊन म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला, आणि माते त्यांच्यापुढे धरलं. पुन्हा कधीही त्याने त्या फोनबद्दल विचारलं नाही.

सकाळी राहवेना. पाव आणते सांगून मावशी एकट्याच बसने सांता ओब्दूलियाला गेल्या. कदाचित सगळा भास असेल. कदाचित एर्मेलिंदा म्हणेल, मी फोन केलाच नाही.

एर्मेलिंदा पायरी झाडत होती. मावशींना पाहून तिने झाडू थांबवला. चेहऱ्यावर राग होता.

"आता आलात होय," ती म्हणाली. "फोन माझ्याकडे देऊन म्हणाले, बायको म्हणते नंबर चुकीचा आहे. माझा विश्वास बसेना, त्यांचा मात्र लगेच बसला. या इथे पायरीवर बसले थोडा वेळ. मी पाणी दिलं. तेही हातातच राहिलं."

मावशींनी विचारलं, मग कुठे गेले?

एर्मेलिंदाने हायवेकडे बोट दाखवलं. "चालत गेले. एक गाडीवाला सोडतो म्हणाला, त्याला नको म्हणाले."

मावशी मागची खोली बघायला गेल्या. चार भिंती, एक पडदा. खिडकी नाही, दुसरं दार नाही. टेबलावर गंजलेली कुलपं आणि बशा. हरवायला जागाच नव्हती.

पोलिसांत जाऊन काय सांगणार? नवरा हरवला? नवरा तर घरी मासे साफ करत होता.

त्यानंतर आठ वर्षं त्या माणसाबरोबर त्यांनी संसार केला. तो कधी रागावला नाही. मावशींची चित्रं त्याने चौकटीत बसवून घेतली. रोसिना सगळ्यांना सांगायची, बाबा म्हातारपणी निवळले. मावशी म्हणतात, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती.

आणि एकही रात्र त्या त्याच्याआधी झोपल्या नाहीत. तो झोपला, की मगच डोळे मिटायच्या.

एकदा मोंतेविदेओच्या बाजारात त्या फळं घेत होत्या. मागे कुणीतरी खोकलं...

घरघरणारा, ओळखीचा.

मावशींनी मागे पाहिलं नाही. पिशवी तिथेच टाकली आणि दिसेल त्या बसमध्ये चढल्या. बस निघाल्यावरही काचेतून बाहेर बघायचं धाडस झालं नाही.

२०१७ मध्ये तो गेला. झोपेतच, शांतपणे. तिकडच्या पद्धतीप्रमाणे दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात त्याची शवपेटी ठेवली. रोसिनाने संगमरवरी पाटी आणली. अक्षरं कशी हवीत, ते कारागिराने विचारलं.

मावशींनी नाव कोरू दिलं नाही.

रोसिना रडली, भांडली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावं ठेवली. आज इतकी वर्षं झाली, त्या भिंतीत सगळ्यांच्या पाट्यांवर नावं आहेत, फुलं आहेत, आणि मधे एक पाटी कोरी आहे. मी गेल्या नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर तिथे उभा होतो. मलाही ते बरं दिसेना. मी म्हटलं, मावशी, आता तरी नाव घाला.

तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं, तिथेच, फुलं हातात धरून.

"आत कोण आहे ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ज्याचं ते नाव आहे, तो अजून चालत असेल तर?"