तीन मिलिमीटर आणि एक मूठ

प्रेम हे स्थळ, काळ आणि क्षेत्रफळ यांच्या पलीकडचं असतं, असं थोरामोठ्यांनी म्हटलं आहे. त्या थोरामोठ्यांनी पावणेतीन मीटरच्या खोलीत सहा दारांचं कपाट उभं केलेलं नसावं.

जुसाराने केलं. म्हणजे, करवून घेतलं. तीन बहिणींबरोबर एका खणात कपडे कोंबून सत्तावीस वर्षं काढल्यावर तिने ब्राझीलमधल्या कोन्ताजेम शहरात दोना ज़ेनाइदे या मालकिणीच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली, आणि पलंगानंतर लगेच कपाट घेतलं. आरशाचं. खोली केवढी, हे तिने पाहिलं नाही. स्वातंत्र्य मोजून घ्यायचं नसतं, असं तिचं मत होतं.

कपाट सात खोक्यांतून आलं. दुकानाचा जोडारी 'सकाळी आठ ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान' येणार होता. अशा वेळी आमच्याकडची शहाणी माणसं पाच वाजेपर्यंत निर्धास्त असतात. हा सव्वाआठलाच आला. जुसाराने दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्याला टॉवेल होता आणि तोंडात टूथब्रश.

"अदेनिल्सन," तो म्हणाला. "जोडणीला आलोय. आत यायला... जागा आहे का?"

"तुम्हाला आहे. तुमच्या पेटीला नाही."

पेटी जिन्यात राहिली.

आमच्या मिनास प्रांतात ज्या वस्तूचं नाव आठवत नाही, किंवा आठवूनही सांगवत नाही, तिला 'त्रें' म्हणतात. शब्दाचा खरा अर्थ आगगाडी. पण स्क्रू हा त्रें, दुपारचं जेवण हा त्रें आणि छातीत होणारी धडधड हाही त्रेंच.

"जरा तो त्रें द्या," फळ्यांमध्ये अडकलेला अदेनिल्सन म्हणाला.

"कुठला त्रें?"

"त्या त्रेंच्या मागचा."

जुसाराने बिजागरी दिली. त्याने बिजागरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग पुन्हा बिजागरीकडे, कारण तिकडे पाहणं सोपं होतं.

"नऊ वर्षांत..." तो म्हणाला, "पहिल्या फटक्यात बरोबर कुणी दिला नव्हता."

"मी औषधाच्या दुकानात आहे. तिथे लोक 'ते पिवळं' एवढंच सांगतात."

दुपारपर्यंत कपाट जमिनीवर आडवं जोडून झालं. जुसारा पलंगावर उभी, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागाच नव्हती. दोघांनी मिळून ते उचललं. अर्ध्यावर, पाऊण... आणि वरचा कोपरा छताला जाऊन खटकन अडकला.

"पोरी!" खालून दोना ज़ेनाइदे ओरडली. "घर पाडतेयस का माझं?"

"नाही दोना ज़ेनाइदे, कपाट उभं करतोय!"

"मग माझ्या भिंती का हलतात?"

अदेनिल्सनने टेप काढली. बराच वेळ मोजलं.

"तीन मिलिमीटर," तो म्हणाला. "उचलताना तिरका कोपरा तीन मिलिमीटर जास्त होतो. हे उभ्याउभ्याच जोडायला हवं होतं."

"मग हे तुम्हाला आधी कळायला नको?"

"हवं होतं." त्याचे कान लाल झाले होते.

सगळं पुन्हा सुटं झालं. दुसऱ्या दिवशी जुसाराने आपल्या औषधाच्या दुकानात पोटदुखी कळवली, कारण उभ्याउभ्या जोडायचं तर फळी धरायला माणूस लागतो. फळी सव्वादोन मीटरहून उंच. ती मिठी मारूनच धरावी लागते.

"हलू नका," फळीच्या पलीकडून तो म्हणाला.

"श्वास घेऊ?"

"थोडा."

"तुम्ही सगळ्या घरांत बायकांना असंच सांगता?"

"नाही. बाकीच्या घरांत नवरे असतात." मग ड्रिल जरा जास्तच वेळ चाललं.

तीन वाजता फक्त दारांच्या मुठी लावायच्या राहिल्या. मुठी लागल्या की गिऱ्हाइकाने कागदावर सही करायची; सही झाली की जोडारी दुसऱ्या गल्लीत जातो आणि पुन्हा कधी येत नाही. आमच्याकडे यालाच चोख काम म्हणतात. जुसारा कॉफी करायला वळली. जाता जाता सहातली एक मूठ तिने चीजच्या पावांच्या टोपलीत, फडक्याखाली सारली.

अदेनिल्सनने मुठी मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाच. त्याने साओ पावलोला कंपनीत फोन लावला.

"एक त्रें कमी आहे... नाही बाई, आगगाडी नाही. कपाटाला आगगाडी कशाला लागेल? मूठ."

फोन ठेवून तो म्हणाला, "पंधरा दिवसांत येईल."

"अरेरे," जुसारा म्हणाली. तिचा चेहरा अजिबात अरेरे म्हणत नव्हता. "म्हणजे तुम्हाला पंधरा दिवसांनी पुन्हा..."

"मी नाही. त्या दिवशी ज्याची फेरी असेल तो येईल. बहुधा वांडर्लेई."

"कोण वांडर्लेई?"

"बासष्ट वर्षांचे आहेत. काम उत्तम. फक्त मूळव्याधीबद्दल फार बोलतात."

मग जुसाराने टोपलीवरचं फडकं उचललं. दोन पावांच्या मधोमध मूठ पडली होती, छान गरम झालेली.

"ही... तिथे कशी गेली?"

"मी ठेवली."

"का?"

"सही करायची नव्हती."

अदेनिल्सन पलंगाच्या कडेवर बसला. दुसरी जागाच नव्हती, आणि त्याच कारणाने तीही शेजारीच बसली.

"मलाही एक त्रें सांगायचाय," तो म्हणाला. "छत मोजायला मी कधी विसरत नाही. कालही मोजलं. दोनदा. पण आरशाचं दार त्या भिंतीला टेकवलं होतं... त्यात तुम्ही टॉवेल सोडून केस विंचरत होतात. दोन्ही वेळा आकडा काय आला, तेच आठवेना."

आरशात दोघं दिसत होते. दोघांनी एकमेकांना तिथेच पाहिलं. समोरासमोर पाहायला अजून धीर नव्हता.

"तू म्हण," ती हळूच म्हणाली. "तीन मिलिमीटरवरून 'तुम्ही' बरं दिसत नाही."

"पोरी!" खालून आवाज आला. "एकदम गप्प झालात! झालं का कपाट?"

"नाही अजून!" दोघंही एकदमच ओरडले.

सही तिने संध्याकाळी केली, आणि कागदाच्या मागे रविवारच्या जेवणाची वेळ लिहिली. त्यानंतरचा एकही रविवार त्याने चुकवला नाही, आणि सहाव्या दारामागे त्याचे चार शर्ट आले.

कंपनीची मागणी रद्द करायचं दोघांनाही सुचलं नव्हतं; ती जादा मूठ पंधरा नाही, एक्केचाळीस दिवसांनी आली. वांडर्लेई स्वतः घेऊन आले आणि पाऊण तास बसले. मूठ पांढरी आहे. कपाट तपकिरी आहे.