मधल्या सीटचं गिऱ्हाईक

या, बसा असे. कॉफी ओतून घ्या, साखर तिकडं आहे. गाडी बघायला निघालाय म्हणता? मोठी पिकअप, भरवशाची, बायकापोरांना नेणारी, डोंगर चढणारी? मग घटकाभर दम धरा. आमच्या इव्हर हॅल्सीला एक पिकअप निवडायला सात शनिवार लागले होते. ते का लागले, ते आधी ऐका.

हे समोर दिसतंय ना, तारेच्या कुंपणामागं गाड्या उभ्या आहेत, ते स्टॉक्लँडचं आवार. जुन्या गाड्यांचा धंदा. म्हातारा गेला तसं त्याची लेक डेला बघायला लागली. फाटकावर म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'दोष आधी, किंमत मागनं.' डेला त्या पाटीला जागायची. गिऱ्हाईक आलं की ही बॅटरी घेऊन गाडीखाली आडवी. "हे बघा, इथं गंज. इथनं तेल गळतंय." निम्मी गिऱ्हाइकं पळून जायची. उरलेली निम्मी मात्र आपल्या नातवंडांनाही तिच्याकडंच धाडायची. एकतीस वर्षांची झाली, पण एका बोल्टाबद्दलही खोटं बोलली नव्हती पोरगी.

मे महिना होता. पाऊस पाडावा का बर्फ, हे आभाळाला ठरवता येत नव्हतं. एवढ्यात एक हिरवी खटारा पिकअप खोकत खोकत आली आणि बरोब्बर डेलाच्या फाटकात मेली. हौद्यात ऐरण, नालांच्या पेट्या. खिडकीशी एक भलंमोठं कुत्रं ऐटीत बसलेलं, जणू गाडी त्याच्याच नावावर आहे.

उतरला तो इव्हर. नालबंद. खोऱ्यातल्या सगळ्या घोड्यांचे खूर ह्याच्या मांडीवर येऊन जायचे. टोपीच्या काठावरनं पाण्याची धार लागलेली, आणि डोळे... डेलानं घाईनं बॉनेट उघडलं.

वाफेत डोकं घालून बघितलं, आणि हळूच म्हणाली, "गेली बिचारी."

"काहीच करता येणार नाही?"

"पुरता येईल."

तो हसला. हसला म्हंजे, आधी डोळ्यांनी हसला, तोंड मागनं पोचलं. "चला, मरताना निदान मला चांगल्या जागी आणून सोडलं तिनं."

डेलाचे कान तापले. गारठा एवढा, तरी. तिनं वही काढली. "बोला, कशी गाडी हवी?"

"आईला चढता आलं पाहिजे, गुडघे गेलेत तिचे. मागं भावाच्या दोन पोरी मावल्या पाहिजेत. चार जुलैच्या सुटीला त्यांना तळ्यावर तंबूत न्यायचं कबूल केलंय. होडी ओढली पाहिजे, ऐरण वाहिली पाहिजे. आणि..." तो अडखळला. "पुढं सलग बाक हवा. तीन माणसांचा."

डेलाची पेन्सिल थबकली.

आता आमच्याकडची रीत कशी, पुढं खिडकीशी बसली ती बहीण असेल, मेव्हणी असेल, शेजारीण असेल, कुणी विचारत नाही. पण बाई मधे, चालवणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेली दिसली, की व्हर्नाच्या या हॉटेलातली म्हातारी मंडळी लग्नाच्या जेवणात काय असेल यावर बोलायला लागतात. हल्लीच्या गाड्यांत मधे कप ठेवायचं कपाट केलंय. माणसानं प्रेम कुठं ठेवायचं, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

"मधे कोण बसणार?" डेलानं सहज विचारलं. म्हंजे, लई कष्टानं सहज.

इव्हर कुत्र्याकडं बघत म्हणाला, "तशी... जागा असावी."

जागा असावी! कुणीतरी आहे, डेलानं धरून घेतलं. सांगत नाही, एवढंच.

पुढच्या शनिवारपासनं तो भावाची मोटार उसनी घेऊन यायला लागला. मोटारीत आई, आणि खिडकीशी कुत्रं. कुत्र्याचं नाव बटन. बटन कसला, चांगला रजईएवढा! पहिल्या पिकअपला डेलानंच चासीखालचा गंज दाखवला. दुसरी एवढी उंच, की आईचा एक पाय पायरीवर नि एक जमिनीवर, आणि म्हातारी वैतागून म्हणाली, "आता शिडी आणतोस का क्रेन?" तिसरीत मधे ते कपाट. चौथीत बाक होता, तर ब्रेक नव्हते.

आणि दर शनिवारी गाडी बघून झाली की हौद्याचा मागचा फाळका खाली पाडून दोघं त्यावर पाय लोंबकळत बसायचे. व्हर्नाची हकलबेरीची पाई, रानफळं भरलेली, एकच पुडा, दोन काटे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्यांनाही कळलं नाही.

"डेला, तू गाडी विकतेस का गाड्यांची निंदा करतेस?"

"दोष आधी. पाटी वाचता येत नाही का तुला?"

"वाचली. पण दोष सांगून संपत नाहीत. किमतीवर कधी येणार?"

"तू... फार घाईत आहेस का?"

"मी?" त्यानं काट्यानं पाईचा शेवटचा तुकडा तिच्याकडं सारला. "नाही. मुळीच नाही."

सहाव्या शनिवारी आवारात वाळूच्या रंगाची एक पिकअप आली. एका विधवा बाईंनी निगुतीनं सांभाळलेली. चासी कोरडी, इंजिन मांजरासारखं घुरघुरणारं, पायरी आईच्या पायाला बेताची, मागं ऐसपैस, पुढं सलग बाक. डेला अर्धा तास गाडीखाली पडून राहिली. दोष नाही. एकही नाही. तरी ती गाडीखालनं निघेना. ही गाडी त्यानं घेतली की शनिवार संपले. मधल्या जागेवर जी कोण आहे, ती बसणार, आणि आपण कुंपणाआडनं बघणार.

इव्हर गाडी वीस मैल फिरवून आला. चेहरा उजळलेला. "डेला, हीच!"

"गिअरबॉक्समधे आवाज आहे," डेला म्हणाली.

तोंडातनं निघूनच गेलं. आयुष्यातलं पहिलं.

त्यानं बॉनेटकडं कान केला. "मला नाही ऐकू आला."

"मला येतो."

त्यानं तिच्याकडं बघितलं... बराच वेळ. मग टोपी घातली. "तू म्हणतेस तर असेल." त्या दिवशी पाईचा पुडा तसाच राहिला.

सातव्या शनिवारी दहा वाजले, अकरा वाजले. इव्हर नाही. व्हर्ना फडकं खांद्यावर टाकून रस्ता ओलांडून आली. "तुझा नालबंद सोमवारी शहरात गाडी ठरवायला चाललाय म्हणे. काय केलंस गं त्याला?"

डेलानं फाटकावरची पाटी वाचली. मग वाळूच्या रंगाच्या त्या पिकअपची किल्ली फिरवली आणि इव्हरच्या घरापर्यंत चाळीस मैल एकटीनं हाणली.

इव्हर तबेल्यासमोर घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन वाकलेला. बटन सावलीत पसरलेला. आई ओसरीवर वाटाणे सोलत बसलेली.

"इव्हर, गाडीत दोष नाही," डेला उतरता उतरताच म्हणाली, धाप लागल्यासारखी. "दोष माझ्यात आहे. आवाजबिवाज काही नव्हता. मी खोटं बोलले."

त्यानं शांतपणे खिळा ठोकला. ठक, ठक. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"घोड्याचा सैल नाल मला शंभर पावलांवरनं ऐकू येतो, डेला. गिअरबॉक्स येणार नाही?" त्यानं खूर खाली सोडला आणि पाठ सरळ केली. "मला वाटलं, ही बाई कुणाशी खोटं बोलत नाही, ती माझ्याशी बोलली. म्हंजे मी नको झालोय. हाकलतेय मला."

"हाकलतेय? अरे मठ्ठा, तू परत यावास म्हणून बोलले मी! आणि येऊन तरी काय... ती मधली जागा तू कुणासाठी राखलीयस, ते तरी..."

ओसरीवर वाटाण्याचं पातेलं दणकन आपटलं. "माझ्यासाठी तर नाही!" आई कडाडली. "मी मागं पोरींजवळ बसते. सहा शनिवार या गुडघ्यांनी चढतेय नि उतरतेय. बाक-बाक म्हणत ऊर बडवत होता, आणि कुणासाठी विचारलं की लाल व्हायचा. पोरी, चष्मा माझा जाड आहे, तुला दिसत नव्हतं होय?"

इव्हर आताही लाल झाला होता. टोपी हातात घेऊन फिरवत होता. मग जवळ आला. लोखंडाचा नि घोड्याचा वास... आणि ते डोळे.

"दोष आधी सांगितलास," तो हळूच म्हणाला. "आता किंमत सांग."

"किंमत..." डेलानं किल्ली त्याच्यापुढं धरली. "दर शनिवारी यायचं. पाई घेऊन."

"फक्त शनिवारी? स्वस्तात देतेस."

कागद करायला गावात यायला हवं होतं, आणि डेलालाही घरी सोडायला हवं होतं. ती दार उघडून बघते तर खिडकीशी बटन. ऐटीत.

"बटन, सरक."

बटननं बाहेरचा डोंगर बघायला घेतला.

"हे कुणी शिकवलं त्याला?"

"उपजतच," इव्हर म्हणाला, आणि मधल्या जागेवरची धूळ टोपीनं झाडली.

त्या दुपारी इथं, याच काचेशी आम्ही सात जण बसलो होतो. वाळूच्या रंगाची पिकअप वळणावरनं आली. स्टीअरिंगवर इव्हर, खिडकीशी बटन, आणि मधे खांद्याला खांदा लावून आमची डेला, कानापर्यंत लाल. व्हर्नाच्या हातातली किटली कलली, माझ्या मांडीवर. मी ओरडलोसुद्धा नाही.

सोळा वर्षं झाली. पिकअप अजून धावते. बटन गेला, तळ्याकाठी पुरलाय त्याला. खिडकीची जागा रिकामी असते. तरी डेला मधेच बसते.

तुम्ही तळ्याच्या रस्त्यानंच जाणार ना? मग ती गाडी समोरनं आली तर स्टीअरिंगवरनं दोन बोटं उचला, इथला नमस्कारच तो, तेही उचलतील. आणि जरा बघून ठेवा, खिडकीशी जागा अजून रिकामीच आहे ना, नि डेला मधेच आहे ना. परत येताना इथं थांबून मला तेवढं सांगून जा. माझी नजर हल्ली रस्त्यापर्यंत पोचत नाही.