पहिला झेंडा वाळेपर्यंत

वाऱ्यानं चिमटा निसटला आणि गच्चीवरच्या दोरीवरचा ओला झेंडा गिरक्या घेत खाली गेला... तो थेट रस्त्यानं चाललेल्या एका पांढऱ्या शर्टावर. ती कठड्यावरून वाकून पाहत होती. त्या तरुणानं झेंडा अंगावरून सोलून काढला, तर छातीवर एका पक्षाचं चिन्ह, पिवळीजर्द किटली, उमटलेली. तोटीसकट.

ती धावत खाली आली.

"अहो, हे काय केलंत! मी निवडणूक कार्यालयात काम करतो. कुठल्याही पक्षाचा एवढासा रंग दिसला तरी आमचे साहेब भुवया चढवतात. आणि मी छातीवर किटली घेऊन आत जाऊ?"

ती गप्प.

"निदान माफी तरी मागा!"

तिनं हात जोडले. मग ओठांवर बोट ठेवून वर दोरीकडे दाखवलं. त्याचा चेहराच उतरला.

"तुम्हाला... बोलता येत नाही? अरेरे, मी उगाच आवाज चढवला —"

तो इतका ओशाळला, की तिला हसू आवरेना. तिनं खुणेनं त्याला वर नेलं. आप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, या कारखान्यात सगळ्याच पक्षांचे झेंडे छापले जात. सभागृहात एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष इथे एका दोरीवर खांद्याला खांदा लावून वाळत. आणि तिचा एक नेम होता. आईच्या आजारपणात धरलेला, आई बरी झाल्यावरही न सोडलेला. सकाळी छापलेला पहिला झेंडा वाळेपर्यंत मौन.

तिनं दोरीवरच्या त्या पहिल्या झेंड्याचं टोक चिमटीत धरून पाहिलं. वाळला होता.

"शर्ट काढा," ती म्हणाली.

तो दोन पावलं मागे सरकला. "इतका वेळ अक्षर नाही, आणि पहिलं वाक्य हे?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "डाग... ओला आहे तोवरच निघतो. दादाचा शर्ट देते."

डाग पुरता निघाला नाहीच. दादाचा शर्ट परत करायला तो आला, मग आपला न्यायला आला, आणि मग कारण सांगायचंही विसरून येऊ लागला. सकाळी आला तर तो बोलायचा आणि ती डोळ्यांनी उत्तरं द्यायची. "तुमच्याशी भांडण करायचं तर मुहूर्त सकाळचाच बरा," तो म्हणायचा. ती छपाईच्या चौकटीवर रबरी पट्टीनं रंग ओढता ओढता थांबायची, आणि हवा त्यापेक्षा जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघायची...

दोन्ही घरांनी लग्नाला होकार दिला. फक्त तारीख ठरायची राहिली. आणि नेमकं तेव्हाच सगळं शहर दुसऱ्याच एका तारखेनं झपाटलं.

सरकारची मुदत संपायला वर्ष होतं, तरी मुदतीआधीच निवडणूक लागणार अशी कुजबुज सुरू झाली. पंतप्रधानांनी एका दिवसात दोन पुलांचं उद्घाटन केलं — म्हणजे लागणार! विरोधी नेते हवापालटाला गेले — म्हणजे नाही लागणार! आप्पांची झोप उडाली. घोषणा झाली की बाजारातून कापड गायब होतं. ज्यानं आधी भरलं, तो तरला. कापड भरावं आणि निवडणूक लागलीच नाही तर?

"तुमच्या कार्यालयात हल्ली दिवे उशिरापर्यंत जळतात म्हणे?" आप्पा त्याला सहज विचारल्यासारखं विचारत.

"बल्ब चांगले आहेत, आप्पा."

तारीख ठरवायला तो एका संध्याकाळी आला. बाहेर रिपरिप होती. आप्पांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवरच घेतलं होतं.

"पुढच्या महिन्यात मंगल कार्यालय मोकळं आहे. धरू?"

तो काहीच बोलला नाही.

"बरं, त्याच्या पुढचा?"

तो कॅलेंडरकडे बघेना, तिच्याकडेही बघेना.

"जावईबापू, वन्संचं मौन तुम्हाला लागलं की काय?" वहिनी हसली. कुणी साथ दिली नाही.

"अडचण असेल तर सांगा," आप्पांचा आवाज चढला. "रजा मिळत नाही का?"

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मला... आज नाही सांगता येणार, आप्पा."

"मग कधी?"

आप्पांनी कॅलेंडर दाणकन खाली ठेवलं. "ज्याला तारीख सांगता येत नाही, त्याच्या मनात दुसरंच काही असतं. आज ठरलं तर ठरलं. नाहीतर हा विषय इथेच संपला!"

मन फिरलं का याचं? तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. बोलायला काही नसलेल्या माणसाचे नव्हेत... बोलता येत असून न बोलणाऱ्याचे. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी रंगाच्या बादलीत वाकल्यावर तिला तोच दिसे.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. निवडणुकीचं गुपित याच्या पोटात होतं. पुढचा महिना नको म्हटलं, तर उद्या दुपारपर्यंत आप्पांच्या गोदामात कापडाचे गठ्ठे येतील आणि साऱ्या बाजाराला कारण कळेल. चालेल म्हटलं, तर कदाचित ते खोटं ठरेल. तो तिला गमवायला निघाला होता, पण धरलेलं मोडायला तयार नव्हता.

"आप्पा," ती उठून उभी राहिली, "मी आजपासून एक नेम धरतेय. हे आपणहून तारीख सांगत नाहीत तोवर कुणीही काढलेली तारीख मी मानणार नाही. आणि दुसरं स्थळही बघणार नाही."

"अगं पोरी, आणि यानं सांगितलीच नाही तर?"

"तर नेम चालूच राहील."

तिचे नेम कसे असतात हे त्या घराला ठाऊक होतं. आप्पा आत निघून गेले. त्यानं मान वर केली. डोळे भरून आले होते. तो पावसात निघून गेला.

मग आलाच नाही. दिवसामागून दिवस गेले. आप्पा तिच्याशी बोलेनात. वहिनीही चिडवेनाशी झाली, आणि ते चिडवण्याहून वाईट होतं. दारात पाऊल वाजलं की तिच्या हातातली पट्टी थबके, रंग फराटत जाई. चुकले का मी? देवा, त्याच्या मौनात मी माझंच मन तर वाचलं नाही ना...

एका ढगाळ सकाळी रेडिओवर बातमी आली. सभागृह बरखास्त. पुढच्या महिन्यात मतदान.

आप्पांचा फोन थांबेना. आणि त्या गोंधळात तो धापा टाकत जिना चढून आला.

"मतमोजणीनंतरचा रविवार!" तो दारातूनच म्हणाला. "आप्पा, तेव्हा चालेल?"

आप्पांच्या हातातला फोन तसाच राहिला. "म्हणजे... त्या संध्याकाळी तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"माझ्या घरात बसून, माझी मुलगी हातची जाताना दिसत असूनही... नाही सांगितलंत?"

"नाही सांगता आलं."

"कापड गेलं माझं," आप्पा हळूच म्हणाले, "पण माणूस पक्का मिळाला." मग लेकीकडे वळले. "बोल गं! रविवार चालेल ना?"

ती बोलेना. तिनं फक्त दोरीकडे बोट दाखवलं. दमट हवेत पहिला झेंडा ठिबकत होता.

"आजच?" तो कळवळला. "मला परत कामावर जायचंय हो!"

आप्पांनी फोन बंद केला, पुठ्ठा उचलला आणि झेंड्याला वारा घालू लागले. वहिनीनं दुसरा पुठ्ठा घेतला. तो झेंड्याला हात लावू शकत नव्हता — त्याच्या नोकरीचा नियम! — म्हणून लांबूनच फुंकर मारत राहिला. ती तोंडावर पदर धरून हसत होती, आणि डोळे वाहत होते.

शेवटी तिनं टोक चिमटीत धरलं.

"चालेल," ती म्हणाली. मग त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू, "येताना तो किटलीचा शर्ट घाला."