दरीतला पांढरा ठिपका

दुकानदाराने कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढला, आतली धूळ ब्रशने झटकली आणि ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवलं. "काका, हे आता थकलंय. विमानाचा खेळ याला झेपत नाही. बदलून टाका."

"खेळ नाही, सिम्युलेटर," आरेखक म्हणाला.

"तेच हो ते."

पस्तीस वर्षं नकाशे काढून आरेखक निवृत्त झाला होता. केसाएवढी रेघ चुकली तरी त्याला जेवण गोड लागत नसे. आता रोज दुपारी तो पडद्यावर एकच उड्डाण करायचा: धरणाजवळच्या धावपट्टीवरून निघायचं, डोंगररांग ओलांडायची आणि पलीकडच्या गावात उतरायचं. बावीस वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ याच वाटेने टपालाचं छोटं विमान घेऊन निघाला आणि पोहोचलाच नाही. महिनाभर शोध चालला. विमानाचा तुकडाही हाती लागला नाही.

वाट आरेखकाला तोंडपाठ होती. फक्त डोंगरापलीकडच्या दरीत जुनं कार्ड हात टेकायचं. झाडं विरघळायची, ओल्या रंगावरून बोट फिरवावं तशी जमीन फरफटायची. आणि त्या हिरव्या गिचमिडीत एक पांढरा ठिपका दिसायचा.

"तो कार्डाचाच दोष," दुकानदार म्हणाला. "नवीन बसवलं की जाईल."

"पण तो जागा बदलतो."

"म्हणजे?"

"विचार करून सांगतो," म्हणून आरेखकाने विषय संपवला. महिनाभर तो ठिपक्याची जागा आलेखाच्या कागदावर टिपत होता. ठिपका रोज थोडा थोडा त्याच्या वाटेखाली सरकत होता.

वहिनी वरच्या मजल्यावर राहत, दुपारचा चहा घ्यायला खाली येत. त्या दिवशी त्याने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला.

"कार्ड बदललं आणि तो गेला तर?"

"तर दोष होता असं समजायचं."

"आणि नाही गेला तर, भावजी?"

चार दिवस दोघांचं घोडं तिथेच अडलं. पाचव्या दिवशी वहिनींनी कप खाली ठेवला. "बदला. बावीस वर्षं अंदाजावर काढली मी. आता काय ते स्पष्ट दिसू दे."

नव्या कार्डावर दरी स्वच्छ उलगडली. झाड न् झाड वेगळं झालं, फांद्यांच्या सावल्यासुद्धा दिसू लागल्या. ठिपका गेला होता. त्या जागी गवताचा एक चिंचोळा पट्टा होता. पट्ट्यावर छोटं विमान उभं होतं, पंख शाबूत. शेजारी पांढऱ्या शर्टातला माणूस दोन्ही हात हलवत होता.

वहिनींनी त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. "उतरा."

"जागा पुरत नाही, वहिनी."

"उतरा म्हणते ना!"

सहा वेळा त्याचं विमान झाडांवर आपटलं आणि पडदा काळा झाला. सातव्या वेळी त्याला काही सुचेना, म्हणून तो नुसता घिरट्या घालत राहिला. खालचा माणूस मान वर करून विमानाबरोबर गोल गोल वळत होता. इंधन संपेपर्यंत वळत होता.

दुसऱ्या दिवशी गवत मोकळं होतं. विमान नाही, माणूस नाही. वहिनी वर निघून गेल्या.

आरेखक एकटाच उडत राहिला. विमान उजवीकडे कलत होतं. निघतानाही ते जड उठलं होतं, हे त्याला आत्ता आठवलं. त्याने वजनांचा तक्ता उघडला. डाव्या खुर्चीपुढे त्याचं स्वतःचं वजन होतं. उजव्या खुर्चीपुढे आकडा होता, अडुसष्ट.

त्याने तो भरला नव्हता.

त्याने तो पुसला. आकडा परत आला.

वहिनींना त्याने जिन्यातच गाठलं. आकडा सांगितला. "तेवढंच वजन भरायचं ह्यांचं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बसले तर विमानात! आता घेऊन या त्यांना."

तो पलीकडच्या गावात उतरला. इंजिन बंद केलं, दार उघडलं. आकडा हलला नाही. मग तो आसपासच्या एकूण एक धावपट्टीवर उतरला, दर ठिकाणी दार उघडून बसून राहिला.

कुणी उतरलं नाही.

आठवड्याने आकडा सदुसष्ट झाला. मग पासष्ट.

"काका, कार्ड फक्त चित्र दाखवतं," दुकानदार फोनवर म्हणाला. "आकड्याशी त्याचा काय संबंध?"

त्याने जुनं कार्ड परत बसवलं. दरी पुन्हा फरफटली. आकडा एकोणसाठ होता.

त्या खुर्चीपर्यंत काही खायला पोहोचवण्याची सोय त्याने सगळ्या तक्त्यांत शोधली. तशी सोय नव्हती.

वहिनी हल्ली खाली येत नाहीत. दुपारी जिन्याच्या कठड्यावरून वाकून विचारतात, "आज किती?"

"अडुसष्ट," तो सांगतो.

"बरं आहे मग."

आज आकडा एकतीस होता. विमान आता उजवीकडे जराही कलत नाही.