एक लांब, दोन आखूड

नीरजने जन्मात कुठली वस्तू भंगारात टाकली नसेल. आठ वर्षं स्वीडनमध्ये शिकून तो मीरा रोडला परतला, तेव्हा पूनम सागरमधल्या शेजाऱ्यांना वाटलं, आता हा मोठी नोकरी धरणार, गाडी घेणार. ह्याने घेतले काय, तर कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने लॅपटॉप. आईच्या जेवणाच्या टेबलावर ते उघडायचे, दुरुस्त करायचे, आणि ज्या घरात एकही नाही तिथल्या मुलांना नेऊन द्यायचे. "यंत्र मरत नाही गं, माणसं त्याचा नाद सोडतात," तो तळमळीने सांगायचा. आई म्हणायची, "टेबल मोकळं कर. पानं घ्यायचीत."

तर जुलैतल्या एका शनिवारी दुपारी त्याला किनाऱ्यावरच्या चौक गावातून क्षितिजाचा फोन आला.

"नीरजदादा, तो परत ओरडतोय."

क्षितिजा बारावी झालेली, कोळ्याची मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिची परीक्षा होती. घरूनच, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची. पास झाली तर जहाजबांधणीचं चार वर्षांचं शिक्षण, राहण्याजेवण्यासकट फुकट. वर्षातून एकदाच होणारी परीक्षा, आणि वयाच्या अटीमुळे तिला ही एकच संधी. परीक्षेचं सॉफ्टवेअर चार जीबी रॅमवर उघडत नव्हतं, म्हणून नीरजने आपण तिला दिलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी चारची पट्टी बसवून दिली होती. आठवडाभरात दोनदा ती लॅपटॉप घेऊन आली. दोन्ही वेळा टेबलावर तो गुण्यागोविंदाने चालला. घरी नेला की पडदा काळा, आणि आतून शिट्टी.

"मीच येतो," नीरज म्हणाला. "तिथेच बिघडतो ना, मग तिथेच शोधू."

भाईंदरहून बस चौकला पोचली तेव्हा तीन वाजले होते, पण आभाळ इतकं खाली उतरलं होतं की दुकानांतून दिवे लागले होते. मासेमारीला बंदी असल्यामुळे गावच्या साऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. निळ्या ताडपत्र्या वाऱ्याने फडफडत होत्या. समुद्रावर एक काळा ठिपकासुद्धा नव्हता. सुक्या मासळीचा आणि ओल्या दोरखंडाचा वास गल्लीभर भरून राहिला होता.

घर बुटकं होतं, वर पत्रा. दारातून वाकून आत जावं लागे. क्षितिजाची आई सुगंधा जाळं सांधत बसली होती. आजी हौसाबाई भिंतीला टेकून मिश्री लावत होती.

"बस, भाऊ. हिला झोप न्हाय चार दिवस," सुगंधा म्हणाली. "रातभर त्या डब्याशी खुडबुड चाललेली असते."

नीरजने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळाच. मग आतून आवाज आला. एक लांब शिट्टी… आणि मागोमाग दोन आखूड.

हौसाबाईचं बोट दातावर थांबलं.

"बंद कर त्ये."

"आजी, घाबरू नका. मशीनची भाषा आहे ही. रॅम सापडत नाही, एवढंच सांगतेय."

"ती काय सांगते त्ये मला नको शिकवूस," आजी म्हणाली. "बंद कर."

त्याने बंद केला. पण असं सोडून देणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने बॅटरी काढली, बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासले. एक पट्टी पहिल्या खाचेत घालून पाहिली, मग दुसरीत. मग दुसरी पट्टी पहिल्या खाचेत. एकेकटी असली की दोन्ही चालत. पण पट्टी पुरती खाली दाबली नाही, क्लिपा जराशा सैल राहिल्या, की पुन्हा तेच. एक लांब, दोन आखूड. खात्री करायला त्याने तसं मुद्दाम करून पाहिलं. मग पुन्हा. शास्त्राने जायचं तर एकदा झालेली गोष्ट झाली असं धरायचं नसतं.

बाहेर वारा पडला. ताडपत्र्यांचा आवाजही थांबला.

सुगंधाच्या हातातली सुई केव्हाची थांबली होती. "भाऊ," ती हळूच म्हणाली, "घरी नेऊन कर ना हे काम."

"वहिनी, माझ्या घरी बिघडतच नाही हो. म्हणून तर…"

"क्षितिजा, चहा ठेव," सुगंधा म्हणाली. मुलगी मागच्या पडवीत गेल्यावर ती नीरजच्या जवळ सरकली. बोलली ती अगदी खालच्या आवाजात.

"हिचे पप्पा होडी घेऊन यायचे ना, त्या खडकांपाशी आले की भोंगा द्यायचे. लांबलचक. मग घरातून उत्तर द्यायला लागायचं. धुकं असलं की आवाजावरून वाट कळते. हिच्याकडे रबरी भोंगा होता. पाच वर्षांची होती तेव्हापासून ते काम हिचंच. पत्र्यावर चढायची आणि वाजवायची. एक लांब, दोन आखूड. म्हणजे घरी माणूस हाय, वाट मोकळी हाय, ये."

नीरजचा हात लॅपटॉपवरून आपोआप उचलला गेला.

"तीन वर्षं झाली. धुक्याचा दिवस. ही भाईंदरला क्लासला गेलेली. मी बाजारात. गावातल्या लोकांनी ऐकलं, हिच्या पप्पांनी चारदा भोंगा दिला म्हणून. घरातून उत्तर गेलं न्हाय." तिने पदर तोंडाशी धरला. "होडीची फळी मिळाली. माणूस न्हाय मिळाला. वर्षाने दर्भाचा पुतळा करून सगळं क्रियाकर्म केलं. सासूबाईंनी तो भोंगा समुद्रात फेकला."

"ज्याचं केलं, त्याला परत बोलवायचं न्हाय," हौसाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "माझा पोर हाय तो. मला वाटत न्हाय का हाक मारावी? पण न्हाय."

नीरजला खूप काही सांगावंसं वाटलं. योगायोग म्हणजे काय, दुःखाला आवाज कसे चिकटतात. ते बाजूला ठेवून त्याने मान खाली घातली आणि लॅपटॉप पालथा केला. तेव्हा त्याला ते दिसलं, इतका वेळ घाईत नजरेतून निसटलेलं.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या झाकणावर तो तारीख लिहिलेली कागदी पट्टी डकवत असे. ह्या झाकणावरच्या कागदाचा कोपरा सुटला होता आणि भाताच्या शिताने पुन्हा चिकटवला होता. स्क्रूंच्या खाचा सुरीच्या टोकाने झिजलेल्या. आणि आत, रॅमच्या दुसऱ्या खाचेच्या तळाशी, एक माशाचा खवला.

चहाचे कप घेऊन क्षितिजा दारात उभी होती. तिने ते पाहिलं, आणि तिला कळलं की त्यालाही कळलंय.

तो पडवीत गेला. "तू सैल करतेस?"

तिने कप स्टोव्हशेजारी ठेवले.

"पहिल्यांदा खरंच आपोआप झालं, दादा. बसमध्ये धक्के बसून असेल. घरी येऊन चालू केला आणि… तो आवाज. तीन वर्षांनी घरातून तो आवाज गेला. आणि समुद्रातून उत्तर आलं."

"बंदी आहे, क्षितिजा. समुद्रात कोणी नाही."

"मला माहितीये. म्हणूनच तर."

"आणि परीक्षा?"

"तुम्ही येऊन नीट कराल हे माहीत होतं ना." तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "तोपर्यंत फक्त… रोज थोडा वेळ. लांबून यायचंय त्यांना."

नीरज आत आला. दोन्ही पट्ट्या तिरक्या घालून खाली दाबल्या. क्लिपा टक् टक् करून बसल्या. झाकणाचे स्क्रू त्याने स्वतःकडचे नवे लावले, साध्या सुरीने न निघणारे. बटण दाबलं. आवाज आला नाही. पडदा उजळला. आठ जीबी. परीक्षेचं सॉफ्टवेअर मुकाट्याने उघडलं.

"झालं," तो म्हणाला. "आता नाही वाजणार."

तेवढ्यात बाहेरून भोंगा ऐकू आला.

लांबलचक, जड, ओला. खडकांच्या बाजूने. गावातली कुत्री एकदम गप्प झाली. सुगंधाच्या मांडीवरून जाळं घसरलं. क्षितिजा मात्र दाराकडे दोन पावलं गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला भीती म्हणता आलं नसतं.

नीरज धावत किनाऱ्यावर गेला. साऱ्या होड्या जागच्या जागी होत्या. समुद्रावर पावसाची राखाडी भिंत उभी होती, बाकी काही नाही. गस्तीची लाँच असेल, त्याने स्वतःला बजावलं. परत आला तर हौसाबाई उंबऱ्याशी उभी.

"पोरा, आज किती वेळा वाजवलंस?"

त्याने मनात मोजलं. "अकरा."

"एकदाच पुरतं," ती म्हणाली.

रविवारी सकाळी दहाला सहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. रात्र कूस बदलत काढलेल्या नीरजने तो पहिल्याच रिंगला उचलला.

"दादा, परीक्षा सुरूच होत नाहीये."

"शिट्टी?"

"नाही. सगळं नीट आहे. पण ते म्हणतंय, खोलीत दोन माणसं आहेत. दुसऱ्याला बाहेर जायला सांगा, तरच पुढे जाता येईल."

नीरजला हायसं वाटलं. हे त्याच्या ओळखीचं होतं. "आई आत असेल."

"आई आणि आजी समोर सुभाषकाकांच्या ओट्यावर आहेत. खिडकीतून दिसतायत मला. कडी मी आतून घातलीय."

"भिंतीवर फोटो? कॅलेंडर? दारामागे कपडे?"

"सगळं काढलं."

"बरं, नीट ऐक. चेहरा सापडला की पडद्यावर पिवळी चौकट येते. कुठे कुठे आहे ती?"

"एक माझ्या तोंडावर." पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. "दुसरी मागे, दाराशी. खूप खाली… वाकून आत येताना असतं ना, तेवढ्यावर. आता वर गेली."

"वळून बघ."

"बघितलं. कुणी नाहीये." मग हळूच, "जमीन ओली आहे."

"पत्रा गळत असेल."

"असेल."

"किती वेळ आहे?"

"चार मिनिटं. नाहीतर परीक्षा रद्द म्हणतंय."

नीरज उभा राहिला. टेबलावर उघडी पडलेली तीन यंत्रं त्याच्याकडे बघत होती. त्याने आयुष्यात कधी उच्चारलं नसतं असं एक वाक्य त्याच्या तोंडून बाहेर आलं.

"क्षितिजा… त्यांना जायला सांग."



"तीन वर्षांनी आलेत, दादा," ती म्हणाली. "मी कसं सांगू?"

"तुझं सगळं शिक्षण आहे त्यावर! सांग त्यांना!"

"चौकट जवळ आलीय… माझ्या खांद्यामागे." तिचा श्वास ऐकू येत होता. मग तोही येईनासा झाला. "दादा?"

"बोल."

"आता एकच आहे."

"गेले?"

"पडद्यावर आलंय, उमेदवाराची ओळख पटली. परीक्षा सुरू झाली." तिचा आवाज शांत होता, आणि फार लांबून येत होता. "पण दादा… मी हात हलवतेय, डोकं हलवतेय… ती चौकट माझ्यावर नाहीये. ती खांद्यामागेच आहे, आणि पडद्यावर मी दिसतच नाहीये."