अधिक-उणे एक माणूस

चंद्राच्या पोटातल्या त्या गुहावस्तीत हवा ‘श्वासदिनां’त मोजत. एका माणसाला एका दिवसाला लागणारी हवा म्हणजे एक श्वासदिन. वस्तीत माणसं एकशे ऐंशी, आणि हवा घेऊन येणारं यान त्रेचाळीस दिवसांनी पोचणार होतं.

तोवर हवा पुरेल का, हे सांगायचं काम हेमांगी सबनीसवर आलं होतं. ती वस्तीची मापनतज्ज्ञ, आणि खरं सांगायचं तर गुन्हेगारही. सहा वर्षं टाकीचं रीडिंग अपेक्षेपेक्षा किंचित कमी यायचं. अकरावीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळे जे करतो तेच तिनं केलं. न जुळणारं रीडिंग खोडलं आणि ‘यायला हवं’ ते जर्नलात लिहिलं. त्या खाडाखोडीखाली गळती लपून राहिली. परवा ती सापडली, बुजवलीही, पण गेलेली हवा काही परत येत नाही.

दारात लोंढेकाका उभे होते, वस्तीचे आचारी. त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, दमा होता.

“ताई, आधी तुम्ही म्हणालात, एकेचाळीस दिवस, अधिक-उणे चार. म्हणजे पंचेचाळीसही असतील! तेव्हा कुणाला मारायचं कुणी बोलत नव्हतं. परत मोजायला कुणी सांगितलं होतं? हात दाखवून अवलक्षण!”

“एका रीडिंगवर कसं विसंबणार, काका? काटा थरथरतो, कधी जास्त दाखवतो, कधी कमी. पुष्कळ रीडिंगं घेऊन सरासरी काढली की या चुका एकमेकींना खोडतात. चारशे घेतली, तशी चूक विसाव्या हिश्शावर आली. आता उत्तर चाळीस पूर्णांक सहा, अधिक-उणे शून्य पूर्णांक दोन.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळे राहिलो तर सगळेच मरू. दहा माणसं आजच कमी झाली, तर बाकीचे जगतील. दहा किंवा अकरा. तेवढं नक्की सांगता येत नाही.”

काका आत येऊन तिच्यासमोर बसले. कुणाचं शरीर किती तग धरेल ते पाहून डॉक्टरांनी कुणी आधी जायचं याचा क्रम लावला होता, आणि ती यादी फक्त हेमांगीकडे होती.

“सुमन कितवी?”

हेमांगीला खोटं बोलवेना. “अकरावी.”

“मग अजून मोजा! त्या अधिक-उण्यात माझी बायको अडकलीय हो!”

“चूक निम्मी करायला चौपट रीडिंगं लागतात. म्हणजे अजून बाराशे. एकेकाला पाच मिनिटं, म्हणजे चार दिवस. तोवर एकशे ऐंशी जण श्वास घेतच राहणार. मग उत्तर कितीही चांगलं आलं, तरी आकडा अकराच्या खाली येत नाही.”

“मग आत्ताच दहा लिहा. जमवून लिहा.”

तिला ते फार हवंसं वाटलं. तिनं पेन उचललंही.

“हवा तेवढी नसली, तर शेवटच्या दिवशी एकशे सत्तर जण गुदमरतील, काका. शंका असली की अकराच धरायचे.” तिला रडू आवरेना.

काका उठले. त्यांनी अंगावरचा ॲप्रन सोडला.

“मग रडता कशाला? तिच्या जागी मला घ्या. माझ्यावाचून कुणाचं जेवण अडत नाही. लिहा माझं नाव.”

हेमांगीनं यादी पालथी घातली. काका जागचे हलले नाहीत.

“काका, तुम्ही सातवे आहात,” ती म्हणाली. “तुम्हाला मी सकाळीच वजा केलंय.”